कोल्हापूरहून जुन्या गोव्याची यात्रा : गोंयच्या सायबापासून नार्व्याच्या सप्तकोटेश्वरापर्यंत

कोल्हापुरातून सुटलेली गाडी गोव्यात शिरली की सरळ कळंगुट-बागा गाठते. जुन्या गोव्याची आठवण होते ती परतीच्या दिवशी, आणि तीही तासाभरापुरती. गाडी लावायची, मोठ्या चर्चसमोर फोटो काढायचा, काजू घ्यायचे, निघायचं. मी स्वतः तीन वेळा असंच केलं. चौथ्या वेळी आई बरोबर होती. दर शुक्रवारी अंबाबाईच्या रांगेत उभी राहणारी बाई. बॉम जीझस बॅसिलिकेत, म्हणजे त्याच मोठ्या चर्चमध्ये, उंचावर ठेवलेल्या चांदीच्या पेटीसमोर तिनं हात जोडले आणि मला हळूच विचारलं, "हे कुठले रे? इथं कसे आले? लोक ह्यांच्याकडं काय मागतात?" मला एकाही प्रश्नाचं धड उत्तर देता आलं नाही.

नंतर मी वाचलं, माहीतगार माणसांना विचारलं, पुन्हा दोनदा जाऊन आलो. आता कुणी विचारलं तर मी सांगतो की जुनं गोवं ही यात्रा आहे, आणि नरसोबाच्या वाडीला किंवा जोतिबाला जाताना आपण जसा दिवस राखून ठेवतो, तिथली रीत पाळतो, तसंच इथंही जावं. तीन दिवस आणि दोन रात्री हाताशी असू द्या. त्यात एक अख्खा दिवस फक्त जुन्या गोव्याचा.

कधी जायचं

त्या पेटीत ज्यांचा देह आहे, त्या सेंट फ्रान्सिस झेवियर यांचं फेस्त, म्हणजे वर्षाचा सण, ३ डिसेंबरला असतं. त्याआधी २४ नोव्हेंबरपासून नऊ दिवस नोव्हेना चालते. आपल्या नवरात्रासारखेच नऊ दिवस, रोज प्रार्थना, रोज मिस्सा, म्हणजे फादरनी चालवलेली चर्चमधली उपासना. सिंधुदुर्गातून, बेळगाव-कारवारकडून भाविक चालत येतात. आजऱ्याला कॅथलिक वस्ती जुनी आहे. तिथल्या एका ओळखीच्या मावशी लहानपणी ट्रकमधून फेस्ताला गेल्याचं सांगतात, तेव्हा त्यांच्या बोलण्यात जोतिबाच्या चैत्र यात्रेचाच सूर असतो. फक्त चांगभलंच्या जागी सायबाचं नाव. होय, सायब. गोव्यातला माणूस, मग तो ख्रिस्ती असो वा हिंदू, त्यांना 'गोंयचो सायब' म्हणतो.

गर्दीतली भक्ती अनुभवायची असेल तर नोव्हेनाच्या नऊ दिवसांतला कामाचा वार निवडा. ऐन ३ डिसेंबरला वाहनं लांब अडवतात, चालावं बरंच लागतं, आणि लहान मुलं किंवा म्हातारी माणसं बरोबर असतील तर दमछाक होते. फेस्ताच्या जत्रेत खाजं, चणे, मेणबत्त्यांची दुकानं लागतात. मेणाचे हात, पाय, डोळे, बाळं विकायला असतात. ज्या अवयवाचं दुखणं, तो अवयव मेणाचा करून वाहायचा. आपल्याकडं नवसाला चांदीचे डोळे वाहतात, त्याचंच हे भावंड.

इमारती निवांत बघायच्या असतील तर डिसेंबरचा मध्य ते फेब्रुवारी उत्तम. फक्त नाताळ ते नवीन वर्ष हा आठवडा टाळा, गोव्यातली सगळी वाहतूक त्या आठवड्यात तुंबते. वार ठरवताना दोन गोष्टी ध्यानात ठेवा. पुरातत्त्व खात्याचं संग्रहालय शुक्रवारी बंद असतं. आणि रविवारी सकाळी मिस्सा असतात, त्यामुळं पर्यटकांना आत सोडायला साडेदहा वाजतात. इतर दिवशी साधारण सकाळी ९ ते संध्याकाळी साडेसहा. मंगळवार, बुधवार, गुरुवार सगळ्यांत सोयीचे.

सायबाच्या पार्थिवाचं जवळून दर्शन साधारण दर १० वर्षांनी होतं. गेल्या वेळी ते २१ नोव्हेंबर २०२४ ते ५ जानेवारी २०२५ असं झालं. त्या काळात पेटी खाली उतरवून मिरवणुकीनं समोरच्या से कॅथेड्रलमध्ये नेतात. एरवी पेटी उंचावर असते आणि दर्शन खालूनच घ्यायचं.

जाताना आंबोली, येताना चोर्ला

मी एकाच रस्त्यानं जाऊन येत नाही. जाताना कागल, निपाणी, उत्तूर, आजरा, आंबोली, सावंतवाडी, बांदा, म्हापसा, पणजी. येताना दिवाडी बेट, नार्वे, डिचोली, साखळी, चोर्ला घाट, बेळगाव, कोल्हापूर. दोन्ही बाजूंचं अंतर सव्वादोनशे किलोमीटरच्या आसपास पडतं. असा फेरा घेतला की शेवटच्या दिवशीची ठिकाणं वाटेतच येतात, वाकडं जावं लागत नाही.

पहाटे ५ ला निघा. आजऱ्यात चहा-नाश्ता होतो. घनसाळ तांदूळ घ्यायचा असेल तर इथंच घ्या, परतीची वाट वेगळी आहे. आंबोलीत धुकं असलं तर घाईनं घाट उतरू नका. पावसाळ्यात तर ही वाट यात्रेसाठी धरूच नये, धबधब्याच्या गर्दीत दोन-दोन तास जातात. सावंतवाडीत मोती तलावाकाठी थांबून जेवून घ्या. दुपारी तीनच्या आत पणजी येते.

एसटीनं जायचं तर कोल्हापूरच्या मध्यवर्ती स्थानकावरून पणजीच्या गाड्या आहेत. पणजीच्या कदंब स्थानकावरून जुन्या गोव्याला दिवसभर बस सुटतात, अंतर १० किलोमीटर. रेल्वेनं जाणाऱ्यांनी मिरजेहून गोवा एक्स्प्रेस धरून मडगावला उतरावं. जुन्या गोव्याला सगळ्यांत जवळचं स्थानक करमळी, ते कोकण रेल्वेवर आहे. नार्व्याचा शेवटचा टप्पा मात्र स्वतःच्या किंवा भाड्याच्या वाहनाशिवाय अवघड जातो.

पहिली संध्याकाळ पणजीत

मुक्काम पणजीत किंवा रायबंदरला करा. किनाऱ्यावर उतरलात तर सकाळचा एक तास रस्त्यात जाईल. संध्याकाळी पणजीच्या मध्यावरचं, पायऱ्या-पायऱ्यांचं पांढरं चर्च बघा. अवर लेडी ऑफ द इम्यॅक्युलेट कन्सेप्शनचं हे देऊळ, चित्रपटांतून सगळ्यांना माहीत असलेलं. त्याच्या माथ्यावरची मोठी घंटा नीट बघून ठेवा. ती इथली नव्हे, जुन्या गोव्यातल्या पडक्या सेंट ऑगस्टीन चर्चची आहे. १८७१ मध्ये ती इथं आली. उद्या तुम्ही तिचं मूळ घर बघणार आहात.

अंगावर काय, हातात काय, वागायचं कसं

खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत. बिनबाह्यांचे कपडे, बर्म्युडा चालत नाहीत, दारातच थांबवतात. चपला काढायच्या नाहीत. आपण सवयीनं चपलांचा स्टँड शोधतो, पण तिथं पायताण घालूनच आत जातात. टोपी मात्र काढायची. फोटोचे नियम दारावरच्या फलकावर लिहिलेले असतात, ते वाचा. माणसांचे फोटो आत काढू देत नाहीत. वेदीकडं पाठ करून सेल्फी घेणं तर कुणी अडवलं नाही तरी करू नये. गाभाऱ्याकडं पाठ करून आपण फोटो काढत नाही.

मेणबत्ती आत पेटवत नाहीत. बाहेर त्यासाठी जागा केलेली आहे, तिथं लावा.

मिस्सा चालू असेल तर मागच्या बाकावर बसा, सगळे उठले की उठा, मधूनच बाहेर पडू नका. एक गोष्ट मुद्दाम सांगतो, कारण आपल्याकडच्या माणसांची इथं हमखास चूक होते. मिस्साच्या शेवटाकडं लोक रांगेनं पुढं जातात आणि फादर त्यांना एक पातळ पांढरी चकती देतात. तो प्रसाद समजून रांगेत जाऊ नका. कॅथलिकांच्या श्रद्धेनं ते ख्रिस्ताचं शरीर आहे, आणि बाप्तिस्मा घेऊन, तयारी करून त्या संस्काराला पात्र झालेल्यांनीच ते घ्यायचं असतं. माझ्यासमोर एका गृहस्थांनी ती चकती घेऊन खिशात ठेवली, घरच्यांसाठी म्हणून. हेतू चांगला होता, पण शेजारच्या बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. आपण जागेवर बसून हात जोडले तरी पुरेसं आहे.

दुसरा दिवस : बॉम जीझस

सकाळी आठला पणजी सोडा आणि रायबंदरच्या रस्त्यानं जा. पणजी-रायबंदर जोडणारा तो लांबलचक दगडी बांध १६३३-३४ मध्ये बांधला, सव्वातीन किलोमीटरच्या आसपास लांब, आणि आजही त्यावरूनच बस धावतात. नऊच्या ठोक्याला बॅसिलिकेच्या दारात असलात तर पहिला अर्धा तास जवळजवळ शांत मिळतो. साडेदहानंतर मोठ्या बस येतात.

बाहेर थोडं थांबा. गोव्यातली चर्चं पांढरीशुभ्र, ही एकटी तांबडी. कारण तिचा गिलावा १९५२ मध्ये काढून टाकला, आतला जांभा उघडा पडला. पन्हाळ्यावर पाहिलेला तोच दगड. दर्शनी भागातलं बारीक कोरीव काम मात्र काळ्या दगडातलं, आणि तो दगड वसईहून आणलेला. जांभ्यात असली नक्षी उतरत नाही, हे आपल्याकडच्या कुठल्याही पाथरवटाला विचारा. बांधकाम १५९४ च्या नोव्हेंबरात सुरू झालं आणि १५ मे १६०५ ला वास्तूचं पवित्रीकरण झालं.

आत गेल्यावर समोर सोन्याचा मुलामा दिलेली भव्य वेदी. मधली मोठी मूर्ती लॉयोलाच्या सेंट इग्नेशियसची, जेझुइट या ख्रिस्ती धर्मगुरूंच्या संघाच्या संस्थापकाची. खाली बाळ येशू. त्या बाळाच्याच नावानं हे चर्च आहे. उजव्या हाताला सायबाचं देवघर.

आईच्या तीन प्रश्नांची उत्तरं आता मला देता येतात. फ्रान्सिस झेवियर यांचा जन्म ७ एप्रिल १५०६, स्पेनमधल्या नवार प्रांतातला. इग्नेशियसचे ते पहिल्या सोबत्यांपैकी. ६ मे १५४२ ला ते गोव्यात उतरले. पुढच्या १० वर्षांत तमिळ किनाऱ्यावरचे कोळी, मलाक्का, मोलुक्का बेटं, जपान एवढी पायपीट केली. चीनच्या किनाऱ्याजवळच्या शांगच्वान बेटावर ३ डिसेंबर १५५२ ला, वयाच्या ४६ व्या वर्षी तापानं गेले. देह आधी मलाक्काला आणि मग १५५४ च्या मार्चमध्ये गोव्याला आला. तो कुजला नव्हता, ही भाविकांच्या श्रद्धेची मुळाशी असलेली गोष्ट. १६१४ मध्ये उजवा हात रोमला नेला, बाकी बहुतेक देह इथं. १६२२ मध्ये पोपनी त्यांना संत घोषित केलं. चांदीची पेटी १६३६-३७ ची, गोव्याच्या सोनारांनी घडवलेली, तिच्या चौकटींवर सायबाच्या आयुष्यातले प्रसंग ठोकून काढलेत. खालचा रंगीत संगमरवरी चौथरा इटलीतला. टस्कनीचा ग्रँड ड्यूक तिसरा कोझिमो यानं तो भेट दिला, फ्लॉरेन्सच्या फोज्जिनी नावाच्या शिल्पकाराला तो करायला १० वर्षं लागली आणि १६९८ मध्ये इथं जोडला गेला. पेटी गोमंतकीय आणि चौथरा इटालियन, दोन्ही हातांतला फरक निरखून बघा. मला पेटीचं काम जास्त जवळचं वाटतं. हुपरीच्या चांदीकामाची सवय असलेल्या डोळ्यांना ते ओळखीचं वाटावं, यात नवल नाही.

आता आपल्याच इतिहासातला एक प्रसंग, जो इथं उभं राहून आठवायला हवा. १६८३ च्या नोव्हेंबरात पोर्तुगीज व्हाइसरॉय कोंदे द अल्व्होर यानं फोंड्याच्या किल्ल्याला वेढा घातला होता. छत्रपती संभाजी महाराज धावून आले, वेढा मोडला. मग २४ नोव्हेंबरच्या रात्री मराठ्यांनी जुवे बेटावरचा किल्ला घेतला. हे बेट जुन्या गोव्याच्या दारातच. दुसऱ्या दिवशी व्हाइसरॉय स्वतः चालून गेला, हरला, जखमी होऊन कसाबसा परत आला. शहर वाचत नाही अशी खात्री झाल्यावर तो ह्या बॅसिलिकेत आला, सायबाची पेटी उघडायला लावली आणि आपला अधिकारदंड त्यांच्या हाती ठेवला : आता राज्य तुम्हीच सांभाळा. जानेवारी १६८४ मध्ये शहाआलमची मोगल फौज कोकणात उतरली आणि संभाजी महाराजांना माघारी फिरावं लागलं. पोर्तुगिजांनी त्याचं श्रेय सायबाला दिलं. ज्या पेटीसमोर आई हात जोडून उभी होती, ती पेटी त्या दिवशीही हीच होती.

से कॅथेड्रल आणि आवार

रस्ता ओलांडला की से कॅथेड्रल. १५६२ मध्ये सुरू झालं, मुख्य इमारत १६१९ मध्ये पुरी झाली. लांबी ७६ मीटर. ते सेंट कॅथरीनला वाहिलेलं आहे, कारण आफोंसो द अल्बुकर्कनं विजापूरच्या आदिलशहाकडून हे शहर २५ नोव्हेंबर १५१० ला, कॅथरीनच्या सणादिवशी घेतलं. दर्शनी बाजूला दोन मनोरे होते, एक १७७६ मध्ये पडला, म्हणून इमारत एका अंगानं रिकामी दिसते. उरलेल्या मनोऱ्यात 'सोनेरी घंटा' आहे, तिचा नाद लांबवर जातो.

ह्याच घंटेच्या नादावर इन्क्विझिशनच्या, म्हणजे धर्माविरुद्ध वागल्याचा आरोप ठेवून शिक्षा देणाऱ्या चर्चच्या न्यायालयाच्या, शिक्षांच्या मिरवणुका निघत. गोव्यात इन्क्विझिशन १५६० ला सुरू झालं आणि मधला थोडा खंड सोडला तर १८१२ पर्यंत चाललं. त्याची मागणी करणारं पत्र फ्रान्सिस झेवियर यांनीच १५४६ मध्ये पोर्तुगालच्या राजाला लिहिलं होतं. ते सुरू झालं त्यांच्या मृत्यूनंतर आठ वर्षांनी. ज्या इमारतीत ते चाले तिला लोक 'व्हडलें घर' म्हणत. ती कॅथेड्रलसमोरच्या चौकात होती, आज तिचा मागमूस नाही. सायबावरची आजच्या माणसांची माया आणि हा इतिहास, दोन्ही खरे आहेत. एकासाठी दुसऱ्याला झाकू नये, असं मला मनापासून वाटतं. जवळच काळ्या दगडाचा एक खांब उभा आहे, स्थानिक लोक त्याला 'हातकातरो खांब' म्हणतात. घडणीवरून तो एखाद्या देवळाचा असावा असं अभ्यासक सांगतात.

कॅथेड्रलला लागून सेंट फ्रान्सिस ऑफ आसिसीचं चर्च आणि त्याच्या मठातलं संग्रहालय. इथं पोर्तुगिजांच्या आधी गोव्यावर राज्य केलेल्या कदंब राजांच्या काळातल्या मूर्ती, वीरगळ आहेत आणि वर व्हाइसरॉयांच्या तसबिरींची रांग. वीरगळ वाचायला थोडा वेळ काढा. आपल्या पंचगंगेच्या खोऱ्यातल्या वीरगळांशी ताडून बघायला मजा येते.

दुपार

साडेबाराला जेवून घ्या. गांधी सर्कलच्या आसपास साधी माशाची थाळी मिळते. शाकाहारी जेवणाला इथं 'शिवराक' म्हणतात, तसंच मागा. ऊन उतरेपर्यंत सांता मोनिका मठातलं ख्रिस्ती कलेचं संग्रहालय बघा. हस्तिदंत, चांदी, लाकूड यांतलं काम, आणि ते बहुतेक इथल्याच कारागिरांच्या हातचं. इतर वस्तूंकडं बघण्याआधी मूर्तींच्या चेहऱ्यांकडं बघा. मरीयेचे डोळे कित्येकदा आपल्याकडच्या देवीच्या मुखवट्यासारखे लांबट, मोठे.

मग समोरच्या टेकाडावर पायी. सेंट ऑगस्टीनचा अर्धा उरलेला मनोरा, ४६ मीटर उंच. १६०२ चं हे चर्च १८३५ मध्ये पोर्तुगीज सरकारनं धर्मसंघ बंद केल्यावर ओस पडलं, १८४२ मध्ये छप्पर कोसळलं, १९३१ मध्ये मनोऱ्याचा अर्धा भाग गेला. काल पणजीत पाहिलेली घंटा ह्याच मनोऱ्यातली. जमिनीवर थडगी, भिंतींवर निळ्या फरशांचे तुकडे. जॉर्जियाच्या केतेवान राणीच्या अस्थींचा शोध ह्या ढिगाऱ्यात वर्षानुवर्षं चालला. २००५ मध्ये त्या सापडल्या, डीएनए चाचणीनं ओळख पटली आणि २०२१ मध्ये भारतानं जॉर्जियाला सुपूर्द केल्या. संध्याकाळी चारनंतर इथं उभं राहिलं की तांबड्या दगडावर ऊन असं पडतं की कुणी बोलत नाही. सगळ्या जुन्या गोव्यात मला ही जागा सगळ्यांत प्रिय आहे. एक तास तरी द्या.

टेकाडाच्या टोकाला छोटं रोझरी चर्च, १५४० च्या दशकातलं, जुन्या गोव्यातल्या आज उभ्या असलेल्या सर्वांत जुन्या चर्चांपैकी. खाली मांडवी वाहते. अल्बुकर्कनं शहराची लढाई ह्या टेकाडावरून पाहिली असं सांगतात.

वेळ उरला तर सेंट कॅजेटन, रोमच्या सेंट पीटर्सच्या धर्तीवरचं घुमटाचं चर्च, आणि त्याच्या आवारात आदिलशाही वाड्याच्या दाराची उरलेली चौकट. फोंड्याच्या रस्त्याला सेंट पॉल कॉलेजची एकटी कमान उभी आहे. १५५६ मध्ये भारतातला पहिला छापखाना ह्या कॉलेजात बसला. छापील अक्षरावर प्रेम असणाऱ्यानं तिथं पाच मिनिटं थांबायलाच हवं.

एवढं मोठं शहर गेलं कुठं, हे मुलं हमखास विचारतात. साथींनी रिकामं केलं. पटकी, हिवताप, अशुद्ध पाणी यांनी लोक हळूहळू पणजीकडं सरकले आणि १८४३ मध्ये राजधानीही अधिकृतपणे पणजीला गेली. रिकाम्या घरांचे चिरे दुसरीकडच्या बांधकामांना गेले. मोकळ्या हिरवळी दिसतात ना, तिथं एकेकाळी गल्ल्या होत्या.

चौथा दिवस काढता आला तर

फोंड्याची देवळं बघा. मंगेशी, म्हार्दोळची म्हाळसा, कवळ्याची शांतादुर्गा, सगळी जुन्या गोव्यापासून अर्ध्या-पाऊण तासात. जुन्या गोव्यानंतर ही बघितली तरच दोन्हींचा अर्थ लागतो, कारण ही दैवतं मूळची इथली नव्हेत. कुठ्ठाळीचा मंगेश, वेर्ण्याची म्हाळसा, केळशीची शांतादुर्गा. सोळाव्या शतकात देवळं पाडली जाऊ लागली तेव्हा लोकांनी मूर्ती उचलून नदीपलीकडं, तेव्हा पोर्तुगीज अंमलात नसलेल्या फोंडा महालात आणल्या. कवळ्याचं आजचं देऊळ १७३८ चं, शाहू महाराजांचे मंत्री नारोराम यांच्या मदतीनं उभं राहिलेलं.

तिसरा दिवस : फेरीबोट, दिवाडी, नार्वे

सकाळी आठला पुन्हा जुन्या गोव्यात या. नदीकडं जाणाऱ्या रस्त्यावर व्हाइसरॉयची कमान लागते. वास्को द गामाचा पणतू फ्रान्सिस्को द गामा व्हाइसरॉय असताना ती बांधली. नवा व्हाइसरॉय बोटीतून उतरून ह्याच कमानीतून शहरात येई. कमान पडली होती, १९५४ मध्ये पुन्हा उभारली. तिच्यातून खाली गेलं की धक्का. इथून फेरीबोट दिवाडी बेटावर नेते, मोटारही चढते. बोटीत गाडीचा हँडब्रेक ओढून ठेवा आणि खाली उतरून कठड्याशी उभे राहा. मागं वळून बघितलं की झाडीतून कॅथेड्रलचा मनोरा दिसतो. खलाशी ज्या बाजूनं हे शहर बघत ती ही बाजू.

दिवाडी बेट शांत आहे. भातखाचरं, खारफुटी, पिएदादच्या टेकडीवर चर्च. घाई नको, पण फार थांबूही नका. बेट ओलांडून दुसऱ्या फेरीबोटीनं डिचोलीच्या बाजूला नार्व्याला उतरायचं.

सप्तकोटेश्वर हे कदंब राजांचं दैवत. त्यांच्या नाण्यांवर त्याचं नाव असे. मूळ देऊळ दिवाडी बेटावर होतं, पोर्तुगिजांनी पाडलं. लिंग नदीपलीकडं आणून झाडीत, डोंगराच्या कुशीत ठेवलं. १६६८ च्या नोव्हेंबरात शिवाजी महाराज इथं होते, आणि त्यांच्या आज्ञेनं नवं देऊळ बांधायला सुरुवात झाली. दारावर शिलालेख आहे, शके १५९०, कार्तिक वद्य पंचमी, सोमवार. तो आधी वाचा आणि मग आत जा. २०२३ मध्ये देवळाचा जीर्णोद्धार पुरा झाला. समोर दीपमाळ, वर घुमट, सभामंडप साधा. रायगडाइतकी गर्दी इथं कधीच नसते.

आईनं इथं चपला काढल्या आणि शिलालेखाच्या अक्षरांवरून हळूहळू नजर फिरवली. मी वाचून दाखवत होतो. मग ती म्हणाली, "काल पेटीतले सायब, आज हा. मधे फक्त नदीच की."

नार्व्याहून निघताना दुपारचे दोन वाजू देऊ नका. डिचोली किंवा साखळीत जेवा, गाडीत पेट्रोल भरा, कारण केरी सोडल्यावर चोर्ला घाटात जंगलाचा लांब पट्टा आहे आणि मोबाईलची रेंज मधे मधे जाते. टायरची हवा तपासून घ्या. रस्त्याची अवस्था पावसाळ्यानंतर बदलते, तेव्हा साखळीच्या पंपावरच एखाद्या बेळगावच्या ड्रायव्हरला विचारून घ्या. वाहनाची कागदपत्रं हाताशी असू द्या, वाटेत तीन राज्यांच्या सीमा लागतात. अंधार पडायच्या आत बेळगाव गाठलंत की पुढं चौपदरी महामार्ग, आणि रात्रीच्या जेवणाला घरी.